नकाराचा कागद पेटीत ठेवू नका

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐकत राहा. पण शेवटी शेवटी एक कागद-पेन जवळ ठेवा, चार ओळी लिहून घ्यायच्या आहेत.

आधी एक विचारतो. सरकारी कचेरीतून 'अर्ज नामंजूर' असा कागद घरी आला की आपण काय करतो? एकदा वाचतो, नशिबाला बोल लावतो आणि घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. आमच्या गावात असे किती कागद पेट्यांमध्ये पडलेत, ते आम्हाला मागच्या वर्षी कळलं. आम्ही गटाच्या बैठकीत सहज म्हणालो, ज्यांचा कुठला अर्ज नामंजूर झालाय त्यांनी पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. पंधरा जणींच्या गटात सात कागद निघाले. त्या सात कागदांमागे एकच कागद होता जो आम्ही शेवटपर्यंत लढलो होतो. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

ही गोष्ट आमच्या गटातल्या काकूंची. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा की. माझं झालं ते झालं, दुसरीचं तरी वाचंल."

आमचा भाग ऊसतोडीला जाणारा. दसरा झाला की ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्याकडे जातात. काकू आणि काका तीस वर्षं जात होते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यावर मुकादम उचल देतो, आणि मग हंगामभर ती उचल फेडायची. काकूंना शुगर आहे हे त्यांना चाळिशीतच कळलं होतं. गोळी कधी घ्यायची, कधी राहून जायची. उसाच्या फडात पहाटे चारला उठणाऱ्या बाईला गोळीची वेळ कोण विचारतंय! काकू हसून म्हणायच्या, "आयुष्यभर ऊस तोडला, म्हणून साखर अंगात आली."

2022 च्या हंगामात काकूंच्या उजव्या पायात उसाचं धसकट घुसलं. चप्पल फाडून आत गेलं, पण त्यांना दुखलंच नाही. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, असं आपल्याला वाटतं. काकूंनी रात्री चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. हळद लावली, चिंधी बांधली आणि सकाळी पुन्हा फडात गेल्या. आठ दिवसांनी पाय काळा पडला, वास यायला लागला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता पाऊल वाचवायचं तर पुढचा भाग काढावा लागेल. जानेवारी 2023 मध्ये ऑपरेशन झालं. बोटं गेली आणि बोटांमागचा पावलाचा पुढचा भागही गेला.

कोयता अर्धा झाला, उचल मात्र पूर्ण राहिली. काका एकटे किती तोडणार? काकू कुबडी घेऊन गावी आल्या. डोळ्यांनाही तेव्हापासूनच धूसर दिसायला लागलं होतं, पण पायाच्या दुःखापुढे डोळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

आम्ही काकूंना म्हणालो, तुमचा दिव्यांगाचा दाखला काढू, संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करू. काकू रागावल्या. "मी काय पांगळी हाय का गं? भीक नको मला." दोन बैठका त्या आल्याच नाहीत. मग गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं तू तोडलेल्या उसाची साखर सगळ्या राज्यानं खाल्ली. तुझं काय चुकलं मागितलं तर?" त्यानंतर काकूंनी आधार कार्ड काढून दिलं.

आता आमची चूक सांगतो. दाखल्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रावर ऑनलाइन भरला. त्यात विचारतात, दिव्यांगत्व कोणत्या प्रकारचं? आम्ही एकाच ठिकाणी खूण केली, हालचालीचं. डोळ्यांच्या पुढचा रकाना रिकामा ठेवला. आम्हाला वाटलं, पाय तर दिसतोच आहे, तेवढं पुरे.

बोर्डाच्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात रांगेत चार तास गेले. तपासणी पाच मिनिटांत झाली. पाय बांधलेला होता, पट्टी सोडून कुणी पाहिलं नाही. काकूंनी सांगितलं, "साहेब, मला डोळ्यांनी बी नीट दिसत न्हाई," तर उत्तर मिळालं, "शुगरला दाखला नसतो." महिनाभराने दाखला आला. त्यावर होतं, 20 टक्के. तो घेऊन तहसीलमध्ये अर्ज केला, तर अर्ज नामंजूर झाला. कारण लिहिलं होतं, दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी.

काकू म्हणाल्या, "मी म्हणलं नव्हतं का?" आणि कागद पेटीत ठेवायला निघाल्या. आम्ही तो हातातून घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला.

मैत्रिणींनो, 'शुगरला दाखला नसतो' हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीच माणसाला जास्त फसवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिलेत. अंधत्व आहे, अल्पदृष्टी आहे, हालचालीचं आहे, कर्णबधिरत्व आहे, सिकलसेल आणि थॅलेसेमियासुद्धा आहेत. मधुमेह त्या यादीत नाही. म्हणजे 'मला शुगर आहे' एवढ्यावर दाखला मिळत नाही, हे खरं. पण शुगरमुळे पाय कापावा लागला तर तो हालचालीच्या दिव्यांगत्वात येतो. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन नजर गेली तर ती अल्पदृष्टीत किंवा अंधत्वात येते. बोर्ड आजाराचं नाव मोजत नाही. आजाराने शरीराचं काय केलं, ते मोजतं. आणि तेही जे आपण समोर ठेवतो तेवढंच मोजतं. आम्ही डोळे समोर ठेवलेच नव्हते.

मग आम्ही कामाला लागलो. आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताईंकडे काकूंचं ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड नेलं. त्यांनी वाचून सांगितलं, "यात फोरफूट अँप्युटेशन लिहिलंय. म्हणजे नुसती बोटं नाहीत, पावलाचा पुढचा भाग काढलाय." आम्ही विचारलं, त्याने काय फरक पडतो? ताईंनी मोबाइलवर केंद्र सरकारची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं उघडली. कोणत्या अवयवाला किती टक्के, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पायाची पाचही बोटं गेली तर 20 टक्के. पावलाचा पुढचा भाग गेला तर 30 टक्के. पावलाच्या मधोमध कापलं तर 40 टक्के. म्हणजे बोर्डाने काकूंची फक्त बोटं गेली असं धरलं होतं.

पण आमचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. 10 रुपयांचं तिकीट लावलं आणि काकूंच्या तपासणीच्या कागदाची प्रत मागितली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते 10 रुपयेही लागत नाहीत. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते सव्विसाव्या दिवशी आलं. त्यात लिहिलं होतं, 'उजवा पाय, पाचही बोटे.' डोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

आता अपील कुणाकडे करायचं? तहसीलमध्ये भांडून काही होणार नव्हतं. तहसीलने दाखल्यावरचा आकडा पाहूनच नकार दिला होता. चूक आकड्यात होती आणि आकडा दवाखान्याच्या बोर्डाने दिला होता. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, नकार जिथून आला तिथेच चूक झालेली असते असं नाही. नकाराचं कारण वाचा आणि ते कारण कुठून जन्मलं ते शोधा.

दाखला देणाऱ्याचा निर्णय पटला नाही तर अपील करण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे ते करायचं. आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कचेरीत जाऊन एका कागदावर लेखी विचारलं की या दाखल्यावर अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं. त्या कागदाची पोहोच घेतली. तोंडी विचारलं तेव्हा तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळाली होती, लेखी विचारल्यावर एकच मिळालं. तुम्हीही हेच करा आणि दाखला मिळाल्याच्या आठवड्यातच करा, कारण मुदत थांबत नाही.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक माणूस भेटला. म्हणाला, "ताई, कशाला अपिलाच्या मागे लागता? पाच हजार द्या, पन्नास टक्के करून देतो." खोटं कशाला सांगू, क्षणभर आमच्याही मनात आलं, गटातून कर्ज काढून देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं. नकार काकूंनीच दिला. म्हणाल्या, "माझा पाय खराच गेलाय. मग खोटा कागद कशाला?" पुढे आम्हाला कळलं की खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेच कायद्याचं कलम 91. अडकते ती कागद वापरणारी बाई, दलाल नाही.

आता कागद-पेन घ्या. अपिलात आम्ही काय लिहिलं ते सावकाश सांगतो.

सगळ्यात वर नाव, पत्ता, दाखल्याचा नंबर आणि तारीख. मग लिहिलं: "माझ्या दाखल्यावर उजव्या पायाची पाचही बोटे गेल्याचे धरून 20 टक्के दिले आहेत. ऑपरेशनच्या कागदात आणि एक्स-रेमध्ये बोटांसह पावलाचा पुढचा भाग काढल्याचे दिसते. माझ्या दोन्ही डोळ्यांना कमी दिसते, परंतु माझ्या डोळ्यांची तपासणी झालेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 नुसार मी अपील करत आहे. माझी हाडांच्या आणि डोळ्यांच्या अशा दोन्ही तज्ज्ञ डॉक्टरांकडून फेरतपासणी करावी." खाली सही किंवा अंगठा आणि जोडलेल्या कागदांची यादी. झालं. एक पान.

या पानात रडगाणं नाही, हे पाहिलंत का? आमच्या पहिल्या मसुद्यात काकूंची गरिबी, उचल, काकांचं वय, सगळं होतं. दोन पानं भरली होती. गटातली बारावी शिकलेली सून म्हणाली, "ताई, गरिबी खरीच आहे. पण बोर्ड गरिबी मोजत नाही, पाय मोजतं. गरिबीचा कागद तहसीलला लागतो." मग आम्ही ते सगळं काढून टाकलं. कोणत्या कचेरीला काय मोजायचं आहे ते ओळखून लिहायचं, हे त्या सुनेने आम्हाला शिकवलं.

कागद जोडले ते असे: ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, पायाचा एक्स-रे, माहितीच्या अधिकारात मिळालेली प्रत, पहिल्या दाखल्याची प्रत, शुगरचे जुने रिपोर्ट आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. तो शेवटचा कागद आमच्याकडे नव्हता. तो मिळवण्यासाठी काकूंना पहिल्यांदा डोळे तपासायला नेलं. थेंब घालून बाहुली मोठी करून डॉक्टरांनी आतला पडदा पाहिला आणि विचारलं, "शुगर किती वर्षं आहे?" काकू म्हणाल्या, "बारा-तेरा." डॉक्टर म्हणाले, "बारा वर्षांत एकदाही पडदा तपासला नाही?" आम्ही सगळ्या खाली मान घालून उभ्या राहिलो. शुगर असलेल्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा हा पडदा तपासून घ्यायचा असतो, तेव्हा डोळ्यांना काही होत नसलं तरी. नजर कमी झालेली कळते तोवर बराच उशीर झालेला असतो.

दीड-दोन महिन्यांनी फेरतपासणीचं पत्र आलं. त्या दिवशी जे घडलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पहाटे पाचची एसटी. काकूंनी इन्शुलिन घेतलं आणि वाटेत खाऊ म्हणून भाकरी बांधून घेतली. गाडीत गर्दी, उभं राहायला जागा नाही, भाकरी पिशवीतच राहिली. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, रक्त तपासतील, उपाशी राहा. साडेदहाला रांगेत काकूंना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. लोक म्हणाले, ऊन लागलं, घाबरली. आमच्यातली एकजण धावत चहाच्या गाड्यावर गेली, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली आणि काकू शुद्धीवर होत्या तोवर घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत त्या माणसात आल्या. मग भाकरी खाल्ली. शुगर कमी झाली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही दाखल्याऐवजी दुसरंच काही घेऊन घरी आलो असतो.

म्हणून शुगर असलेल्या बाईला कचेरीत नेताना कागदांच्या पिशवीइतकीच दुसरी पिशवी महत्त्वाची. त्यात साखर किंवा गूळ, डबा, पाणी आणि औषधं. इन्शुलिन घेतलं की खायचंच, गाडीत जागा नसली तरी उभ्याने खायचं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गडबड दिसली की आधी तीन चमचे साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. बाई बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, ठसका लागतो, तिला लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि एकटीला कधीच पाठवू नका. घरी परतल्यावर तिचे दोन्ही पाय उजेडात पाहा. दिवसभर चालून एखादा फोड आला असेल तर तिला तो जाणवणार नाही.

त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाय पाहिला, एक्स-रे पाहिला आणि एका शब्दाने वाद न घालता पावलाचा पुढचा भाग असं लिहिलं. आम्ही भांडायची तयारी करून गेलो होतो, पण भांडायची वेळच आली नाही. समोर कागद होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र थांबवलं. म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नजर सुधारते, म्हणून आधी ते करा, मग चष्मा लावून जी नजर राहील ती मोजू. काकू खचल्या. आम्हालाही वाटलं, पुन्हा टाळताहेत. पण डॉक्टरांचं बरोबर होतं. जे औषधाने किंवा ऑपरेशनने बरं होतं ते दिव्यांगत्वात मोजत नाहीत. सरकारी दवाखान्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं फुकट झाली, चष्मा मिळाला. काकूंना पूर्वीपेक्षा थोडं बरं दिसायला लागलं. पण पडद्याची इजा तशीच राहिली. चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांची नजर 6/36 च्या पुढे गेली नाही. म्हणजे निरोगी डोळ्याला जी अक्षरं 36 मीटरवरून दिसतात, ती काकूंना 6 मीटरवर यावी लागतात. दोन्ही डोळे 6/24 ते 6/60 मध्ये असतील तर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 40 टक्के.

आता हिशेब. पाय 30, डोळे 40, मग 70 झाले का? नाही. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असलं की सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, इथे 40. मग 90 मधून 40 वजा केले की राहिले 50. त्या 50 ला छोट्या आकड्याने, म्हणजे 30 ने गुणायचं, झाले 1500. त्याला 90 ने भागायचं, आले साधारण 17. ते 40 मध्ये मिळवायचे. झाले 57. हा हिशेब आम्ही गटाच्या वहीत व्याजाच्या हिशेबाच्या शेजारी करून ठेवला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये दाखला आला, त्यावर 57 टक्के होते. आमचा आणि बोर्डाचा हिशेब जुळला. काकू म्हणाल्या, "आपली वही खरी निघाली की गं!" मार्च 2024 मध्ये केंद्राने ही मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली आहेत, म्हणून तुमच्या वेळी ताजी प्रत पाहूनच हिशेब करा.

दाखल्यासोबत येतं ते युडीआयडी कार्ड. 40 पेक्षा कमी असेल तर पांढरं, 40 ते 80 च्या आत असेल तर पिवळं, 80 आणि पुढे निळं. काकूंचं पांढऱ्याचं पिवळं झालं.

मग तहसीलच्या संजय गांधी शाखेत नवा अर्ज केला. जुन्या नामंजूर अर्जावर भांडत बसलो नाही, कारण दाखलाच नवा होता. त्यासाठी 40 टक्के किंवा जास्तीचा दाखला, 65 च्या आतलं वय, राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा दाखला आणि दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000 रुपयांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. गरिबीचा कागद इथे लागला. अर्ज दिला आणि लोकसभेची आचारसंहिता लागली. तालुक्याच्या समितीची बैठक लांबली. आम्ही दर पंधरा दिवसांनी पोहोच दाखवून विचारत राहिलो. पावसाळ्यात मंजुरी आली. तेव्हा महिन्याला 1500 रुपये होते. दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय राज्याने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला.

तुमच्यातल्या काहीजणी विचारतील, लाडक्या बहिणीचे पैसे आणि हे, दोन्ही मिळतात का? नाही. निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईला लाडकी बहीण मिळत नाही. दोन्ही ठिकाणी अर्ज करून पुढे वसुलीची वेळ आणू नका. पण दाखला फक्त पेन्शनसाठी नसतो. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते ग्रामसभेत विचारता येतं. काकूंनी विचारले. सभेत पहिल्यांदाच उभ्या राहिल्या, कुबडी टेकून.

अपिलातही न्याय मिळाला नाही तर? पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची कचेरी आहे, तिथे तक्रार करता येते. आणि वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा किंवा 15100 वर फोन करा.

आता काकूंचं सांगून संपवतो. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पाय परत आला नाही. नजर परत येणार नाही. मुकादमाची उचल काकांनी दुसऱ्या हंगामात अर्धा कोयता धरून फेडली, त्यात त्यांची कंबर गेली. पहिल्या अर्जात आम्ही दोन रकान्यांत खूण केली असती तर कदाचित सात-आठ महिने वाचले असते. ती रुखरुख आम्हाला आहे. म्हणून आता आमच्या गटात कुणाचाही अर्ज भरताना दोघी मिळून भरतात. एक लिहिते, दुसरी डोक्यापासून पायापर्यंत विचारते: दिसतं का, ऐकू येतं का, हात उचलतो का, पायाला कळतं का.

काकूंच्या पैशातून मऊ तळव्याची चप्पल आली. शुगर तपासायच्या पट्ट्या येतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दर चार महिन्यांनी जायचं भाडं निघतं. मंगळवारच्या बैठकीला काकू सगळ्यांत आधी येतात आणि आल्या आल्या प्रत्येकीला विचारतात, "पाय बघितले का गं रात्री?" ज्या बाईला पांगळी शब्दाची लाज वाटत होती, ती आता दुसऱ्या गावात जाऊन बायकांचे नकाराचे कागद वाचून घेते. स्वतःला दिसत नाही नीट, म्हणून एखाद्या मुलीला वाचायला लावते आणि विचारते, "कारण काय लिहिलंय? ते कारण पुन्हा वाच."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. पेटीतले कागद बाहेर काढा. प्रत्येक कागदावर नकाराचं कारण कुठे लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. आणि गटात जिला शुगर आहे तिच्या पायांना काही कळतंय का, तिचे डोळे कधी तपासलेत, हे विचारा. कुणाचा कागद अडला असेल तर आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा. आपण मिळून वाचू.

नमस्कार.